मदत हवी आहे: झुलूंच्या ‘इबुथो’ला मराठीत काय म्हणावं?

दक्षिण आफ्रिकेतल्या १८७९च्या इंग्रज-झुलू युद्धावर लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय.

झुलू राजा एकाच वयाच्या तरुणांना एका इबुथोत घाली. लढाई, राजाची गुरं राखणं, त्याची शेतं, सगळं त्यांच्याकडे. ढालीच्या कातड्याच्या रंगावरून इबुथो ओळखू येई. राजाच्या परवानगीशिवाय लग्न नाही. ती मिळाली की केसांत शिवलेलं कडं डोक्यावर येई. डिसेंबर १८७८च्या निर्वाणीच्या खलित्यात तिथला ब्रिटिश उच्चायुक्त बार्टल फ्रिअरने (हो, मुंबईचा माजी गव्हर्नर तोच!) नेमकी हीच व्यवस्था मोडायला सांगितली. म्हणजे शब्द चुकला की लेखच लंगडा.

‘पलटण’ लिहून पाहिलं, पण त्याला कंपनी सरकारचा वास येतो. ‘पथका’त वय आणि लग्न दोन्ही गळतात. ‘वयोगट’ म्हटलं की शाळेतल्या धावण्याच्या शर्यती. मूळ शब्द ठेवायला हरकत नाही (अनेकवचन अमाबुथो, ते ठाऊक आहे), पण तळटीप चालणार नाही. उलगडा वाक्यातच, दोन-तीन शब्दांत हवा. वाचक सर्वसाधारण, विषय त्यांना नवा.

शिवाय सेत्श्वायो राजाच्या नावातला पहिला वर्ण म्हणजे आपण हळहळताना जिभेने ‘च्च्’ करतो तो आवाज. तो देवनागरीत कसा लिहाल, की सरळ ‘से’च ठेवू?