टिपट्रीचं नाव पुरस्कारावरून काढलं, ते बरोबर झालं का?

निळी शाई (धागाकर्ती)

एका मित्राशी या विषयावर वाद घालून दोघांचीही दमछाक झाली, म्हणून धागा काढते आहे. दोन्ही बाजूंनी हाणा, फक्त वैयक्तिक होऊ नका.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या 'ॲनालॉग' मासिकात जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने पहिली विज्ञानकथा छापून आली. पुढची काही वर्षं या नावाचा नुसता दबदबा. ह्यूगो, नेब्युला हे विज्ञानकथेतले मोठे पुरस्कार, सगळे मान मिळाले, पण लेखकाला कुणी पाहिलेलं नाही. पत्ता म्हणजे व्हर्जिनियातल्या मॅक्लीनचा एक पोस्ट बॉक्स. संमेलनांना यायचा नाही. पत्रं मात्र ढिगाने लिहायचा, आणि तीही लाघवी. उर्सुला ले ग्विन, जोआना रस या विज्ञानकथा लेखिकांशी वर्षानुवर्षं पत्रमैत्री. युद्धातल्या आणि सरकारी नोकरीतल्या गोष्टी इतक्या सहज येत की हा गुप्तहेर खात्यातला गडी असणार, असंही लोक म्हणत.

१९७६ मध्ये टिपट्रीने आपली आई शिकागोत वारल्याचं पत्रातून कळवलं. आई प्रवासवर्णनं लिहायची, आफ्रिकेत फिरलेली होती. एवढ्या खुणा चाहत्यांना पुरल्या. त्यांनी मृत्युलेख शोधला, त्यात एकुलत्या एका मुलीचं नाव होतं. ॲलिस शेल्डन, वय ६१.

आणि बाईंचं आयुष्य तरी काय! सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर गोरिलांच्या मोहिमेवर काँगोत. मग चित्रकार, वृत्तपत्रात कलासमीक्षक. दुसऱ्या महायुद्धात हवाई छायाचित्रांवरून शत्रूची ठिकाणं ओळखायचं काम. युद्धानंतर नवऱ्याबरोबर कोंबड्यांची हॅचरी, मग दोघंही सीआयएत. (म्हणजे गुप्तहेराचा अंदाज अगदीच वाया गेला नाही.) १९६७ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट, आणि त्याच सुमारास गंमत म्हणून कथा पाठवायला सुरुवात. टिपट्री हे नाव दुकानात दिसलेल्या मार्मलेडच्या बरणीवरचं. पुढचं 'ज्युनिअर' नवऱ्याने जोडलं.

१९९१ मध्ये पॅट मर्फी आणि कॅरन जॉय फाउलर या दोन लेखिकांनी तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला. स्त्री म्हणजे काय, पुरुष म्हणजे काय, या कल्पनांना धक्का देणाऱ्या विज्ञानकथेसाठी. निधी कसा उभा केला? केक-बिस्किटं विकून. पाककृतींचं पुस्तकही काढलं, त्याचं नाव तिच्या गाजलेल्या कथेवर बेतलेलं.

२०१९ मध्ये हे नाव काढून 'अदरवाइज' केलं. कारण १९ मे १९८७. त्या रात्री ७१ वर्षांच्या ॲलिसने ८४ वर्षांच्या, दृष्टी गेलेल्या नवऱ्याचा, हंटिंग्टन शेल्डनचा, जीव घेतला आणि नंतर स्वतःचा. बरोबर जायचं असं दोघांचं ठरलेलं होतं, असं जवळचे लोक सांगत आले. अपंगांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या वाचकांनी विचारलं, की तुम्ही याला करार म्हणता, आम्ही खून का म्हणू नये? पुरस्काराच्या मंडळाने सप्टेंबरच्या सुरुवातीला नाव बदलणार नाही म्हणून जाहीर केलं आणि काही दिवसांतच माघार घेतली.

माझ्या मते माघार चुकली. पुरस्कार टिपट्रीच्या नावाचा होता, शेल्डनच्या नव्हे. टिपट्री हा एक रचलेला पुरुष होता आणि त्या पुरुषाने अख्ख्या साहित्यजगाला आरसा दाखवला. त्या आरशाचं नाव पुसून काय साधलं?

---

तर्कटराव

वा! म्हणजे कथा लिहिल्या की टिपट्री, आणि घरात बंदूक उचलली की शेल्डन. ही वाटणी सोयीची आहे, ताई. लेखणी एका नावावर आणि गुन्हा दुसऱ्या नावावर, असं आपण कुठल्या पुरुष लेखकाच्या बाबतीत चालवून घेतलं असतं का? एखाद्या नामवंत लेखकाने आजारी बायकोला मारलं असतं आणि त्याच्या टोपणनावाने पुरस्कार असता, तर सगळ्यात आधी इथल्याच स्त्रीवादी मंडळींनी धागा काढला असता. मीही त्यात +१ दिला असता.

---

माजघर

तर्कटराव, मुद्दा बिनतोड आहे असं वाटतं खरं, पण २०१९ चा माहोल विसरू नका. त्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात जनेट इंग या लेखिकेने जॉन कॅम्पबेलच्या नावाचा पुरस्कार घेताना, व्यासपीठावरूनच, कॅम्पबेलला फॅसिस्ट म्हटलं. काही दिवसांत त्या पुरस्काराचं नाव बदललं. टिपट्रीचा प्रश्न त्याच लाटेत आला. कॅम्पबेलची गोष्ट वेगळी होती हो. तो 'ॲनालॉग'चा संपादक, गुलामगिरीची भलामण करणारी संपादकीयं त्याने स्वतःच्या मासिकात छापली, आणि त्याच खुर्चीवरून कुणाला छापायचं ते ठरवलं. म्हणजे ज्या कामासाठी सन्मान, त्याच कामात घाण. शेल्डनच्या कामात ते नाही. दोघांना एकाच गाडीत बसवलं हे मला पटत नाही.

(गंमत म्हणजे टिपट्रीची पहिली कथा याच कॅम्पबेलने स्वीकारली. बाई आहे हे कळलं असतं तर? असो.)

---

सहजवाचक

अवांतर: टोपणनावाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचे दोन किस्से. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. बाईने लिहिलंय म्हणून लोक चवताळले. दुसरा किस्सा नारळीकर सरांचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी नाव घातलं नारायण विनायक जगताप, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. पहिलं बक्षीस मिळालं. मराठी विज्ञानकथेच्या सर्वांत मोठ्या नावाची सुरुवातही अशी बुरख्यातून झाली आहे. नारळीकरांनी नाव लपवलं ते आपण मोठे म्हणून झुकतं माप मिळू नये यासाठी, शेल्डनने लपवलं ते बाई म्हणून कमी माप मिळू नये यासाठी.

---

निळी शाई

सहजवाचक, अवांतर कसलं, हाच तर गाभा आहे. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या विज्ञानकथा लेखकाने १९७५ मध्ये टिपट्रीच्या कथासंग्रहाला प्रस्तावना लिहिली. टिपट्री बाई असावी अशी कुजबुज तेव्हा सुरू झाली होती. तर हे महाशय म्हणतात की ही कल्पना हास्यास्पद आहे, या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे. जोडीला हेमिंग्वेची उपमा. दोन वर्षांत तोंडघशी पडले, आणि नंतर तसं त्यांनी मोकळेपणाने मान्यही केलं.

आता ती पुरुषी वाटलेली कथा बघा, 'द विमेन मेन डोन्ट सी', १९७३ ची. सांगणारा डॉन फेंटन, मासेमारीला युकातानला निघालेला. विमानातल्या संडासातून बाहेर येताना तो दोन बायकांच्या सीटवर आदळतो, सॉरी म्हणतो, आणि त्याला दिसतं ते काय? दोन बाईरूपी अस्पष्ट डाग. चेहरे नाहीत. पुढे छोटं विमान खारफुटीत कोसळतं. त्यातली रूथ पार्सन्स सरकारी कार्यालयात दप्तर सांभाळणारी, दहा जणींत उठून न दिसणारी. फेंटन कथाभर तिच्याबद्दल अंदाज बांधतो आणि प्रत्येक चुकतो. बायकांना हक्क वगैरे काही नाहीत, पुरुष देतात तेवढेच, पुढचं संकट आलं की तेही जातील, असं ती शांतपणे सांगते. शेवटी परग्रहावरचे येतात, फेंटन तिला वाचवायला पिस्तूल काढतो, आणि ती मात्र त्या परग्रहवासीयांनाच विनवते, आम्हाला घेऊन चला. मुलीसकट निघून जाते. फेंटनला शेवटपर्यंत कळत नाही की या पृथ्वीवर असं काय वाईट होतं.

सिल्व्हरबर्गला तो फेंटनचा आवाज लेखकाचा वाटला! नेब्युलासाठी या कथेचं नाव पुढे आलं तेव्हा टिपट्रीने ती मागे घेतली. पुरुषाला बायका इतक्या कळतात म्हणून मतं मिळतील, हे तिला नको होतं. आता सांगा, पुरस्काराला याहून योग्य नाव कुठलं?

---

कृषीकन्या

मला नावाच्या वादात रस नाही, पण 'द स्क्रूफ्लाय सोल्यूशन' (१९७७) वर कुणीच बोलत नाही म्हणून टंकते. कीटकशास्त्र शिकलेल्यांना ही कथा जास्त टोचते. स्क्रूवर्म ही माशी जनावरांच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. तिच्यावरचा उपाय असा: कारखान्यात लाखो माश्या वाढवायच्या, किरणोत्सर्गाने नर वांझ करायचे आणि सोडून द्यायचे. या जातीची मादी आयुष्यात एकदाच संग करते. तो वांझ नराशी झाला की संपलं. १९५४ मध्ये कुरासाव बेटावरून माशी अशीच नाहीशी केली. विष फवारायचं नाही, फक्त प्रजननाच्या साखळीतला नेमका दुवा तोडायचा.

बाईंनी हेच तंत्र माणसांवर लावलं. कथेत पुरुषांची कामवासना हिंसेत बदलत जाते, जगभर बायका मारल्या जातात, आणि पुरुष त्याला धर्माचं रूप देतात. नायक स्वतः कीटकशास्त्रज्ञ. दूर कोलंबियात बसून बायकोची पत्रं वाचतोय, आणि आपल्यातही ते उतरतंय हे त्याला कळतं. बायको आणि मुलीवर प्रेम आहे, तरीही. ही कथा तिने रकूना शेल्डन या दुसऱ्या नावाने छापली. स्वतः प्राणी घेऊन प्रयोग केलेली बाई होती, म्हणून त्यात वरवरचं काही वाटत नाही.

---

तर्कटराव

कथा जबरदस्त, वादच नाही. पण कृषीकन्या, तुम्हीच माझा मुद्दा पुढे नेलात. जवळच्या माणसाला मारणं आणि त्याला उदात्त नाव देणं, हे कसं घडतं ते या बाईला जगात सगळ्यांपेक्षा जास्त कळलेलं होतं.

---

माजघर

तर्कटराव, हे जरा अति झालं. कथेतून लेखकाचा पंचनामा करायचा नसतो.

---

काठीवाला

मी इथे फारसा लिहीत नाही. माझी दृष्टी पंचविशीत गेली, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकला.

वर सगळ्यांनी हंटिंग्टनचा उल्लेख कसा केला ते पुन्हा बघा. 'नवरा', '८४ वर्षांचा', 'दृष्टी गेलेला'. त्याच्याबद्दल आणखी फारसं काही नाही. हा माणूस सीआयएत मोठ्या हुद्द्यावर होता, महायुद्धात कर्नल होता. बायकोचं गुपित त्याने जिवापाड सांभाळलं, 'ज्युनिअर' त्यानेच जोडलं. या धाग्यात मात्र तो आंधळा म्हातारा, एवढाच.

कराराबद्दल म्हणाल तर जी चिठ्ठी मागे राहिली ती ॲलिसने १९७९ मध्ये लिहून ठेवलेली. आठ वर्षं आधी! आठ वर्षांपूर्वी मी काय काय म्हणालो होतो, त्यावर आज माझ्याबाबत कुणी निर्णय घ्यावा? दृष्टी गेली तेव्हा पहिलं वर्षभर मीही बरंच काही बोललो होतो. घरच्यांनी ते ऐकून घेतलं आणि रोज सकाळी चहा दिला, बस.

ती दुष्ट होती असं मी म्हणत नाही. नैराश्याने तिला आयुष्यभर छळलं हे ज्युली फिलिप्सने लिहिलेल्या तिच्या चरित्रात सविस्तर आहे. थकली होती, मदत नव्हती, सगळं कबूल. पण आंधळ्या माणसाचं आयुष्य संपवणं ही करुणा, असं समजणारे लोक मला आजही भेटतात. त्यांच्या हातात हे उदाहरण पुरस्काराच्या चौकटीत बसवून देऊ नका, एवढंच त्या वाचकांनी मागितलं होतं. पुस्तकं जाळा असं कुणी म्हटलं नव्हतं.

---

निळी शाई

काठीवाला, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ लिहिता आलं नाही. हंटिंग्टनबद्दलचा मुद्दा तंतोतंत आहे.

तरी माझं मत पुरतं हललेलं नाही. मला भीती वेगळी आहे. बायकांच्या बाबतीत शेवट फार लवकर अख्खं आयुष्य गिळून टाकतो. आता टिपट्री म्हटलं की लोकांना आधी ती रात्र आठवते आणि कथा नंतर, आठवल्याच तर. 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' ही १९७३ ची कथा घ्या. जाहिरातींवर बंदी आलेलं जग, म्हणून कंपन्या एक सुंदर देह बाजारात फिरवतात. ती वापरते तो माल लोक घेतात. त्या देहाला दूर तळघरातून चालवते एक कुरूप, नाकारलेली पोर. इन्फ्लुएन्सर हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे! पुरस्कारामुळे दरवर्षी नवे वाचक या कथांपर्यंत यायचे. ती वाट बंद झाली.

---

सहजवाचक

ताई, वाट अगदीच बंद नाही. 'अदरवाइज' हा शब्द तिच्याच १९७५ च्या संग्रहाच्या नावात आहे, 'वॉर्म वर्ल्ड्स अँड अदरवाइज'. सिल्व्हरबर्गची ती प्रस्तावना ज्याला आहे तोच. ज्याला माग काढायचा तो काढेल.

आणि एकूणच माणसांची नावं पुरस्कारांना देऊच नयेत असं माझं मत होत चाललं आहे.

---

तर्कटराव

मग आपल्याकडच्या निम्म्या साहित्यसंस्थांना टाळं लागेल. देणगीदाराच्या वडिलांचं नाव नाही तर देणगी कोण देणार? केक विकून पुरस्कार चालवायची तयारी आहे का कुणाची?

---

काठीवाला

निळीशाईताई, 'प्लग्ड इन' माझ्या वाचायची राहून गेली होती, आज ऐकायला घेतो. पुरस्काराबाबत मात्र मी आहे तिथेच आहे.