विषय: केल्हाइमची सहल – बोट जाताना की येताना?

प्रेषक: सहल समिती
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

जूनमधल्या शनिवारच्या सहलीसाठी केल्हाइमचं नक्की करतोय. सध्याचा बेत असा आहे: म्युनिकहून सकाळच्या गाडीनं निघायचं, अकराच्या सुमारास पोचायचं, बोटीनं वेल्टनबुर्गचा मठ गाठायचा, तासाभरात बोटीनंच परत यायचं आणि दुपारी रेगेन्सबुर्ग बघून घरी. यंदा सात-आठ जणांचे आईवडील भारतातून आलेले आहेत, लहान मुलंही बरीच आहेत. त्या भागातली माहिती असलेल्यांनी जरूर लिहावं. डबे घ्यायचे की तिथेच जेवायचं, तेही सुचवा.

– सहल समिती

*

प्रेषक: रेगेन्सबुर्गच्या काकू
प्रति: सर्व सभासद

समितीच्या मंडळींनो,

केल्हाइम निवडलंत, फार बरं वाटलं. पण एक कळकळीची विनंती आहे. रेगेन्सबुर्ग त्याच दिवशी कोंबू नका. इथला दगडी पूल आणि कॅथेड्रल कुठे पळून जात नाहीत, पुन्हा कधीही या, आमचं घर आहेच. केल्हाइमला अख्खा दिवस द्या. आणि ज्यांचे पाय चालतात त्यांनी मठापर्यंत जंगलातून चालत जावं, बोट फक्त येताना घ्यावी. जाऊन-येऊन बोट आणि मध्ये एक तास असं केलंत, तर पदरात फोटो पडतील, जागा कळणार नाही.

का ते सांगते. केल्हाइम गाव आल्टम्यूल आणि डॅन्यूब या दोन नद्यांच्या संगमावर आहे. दोन्हींच्या मध्ये मिशेल्सबर्ग नावाची टेकडी, आणि तिच्यावर ते मोठं पिवळसर गोल सभागृह, बेफ्राइउंग्सहाले. नेपोलियनविरुद्धच्या मुक्तियुद्धाचं स्मारक म्हणून बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजानं 1842 साली त्याचा पाया घातला. गेर्टनर या वास्तुविशारदानं काम सुरू केलं, तो गेल्यावर लेओ फॉन क्लेंत्सेनं आराखडा बराच बदलून ते पुरं केलं. मधल्या काळात, 1848 साली, राजाला गादी सोडावी लागली, तरी त्यानं काम थांबू दिलं नाही. लाइपत्सिगची लढाई 1813 च्या 18 ऑक्टोबरला निर्णायक ठरली, म्हणून बरोबर पन्नास वर्षांनी, 18 ऑक्टोबर 1863 रोजी उद्‌घाटन. बाहेरच्या बाजूला 18 भव्य पुतळे आहेत तेही त्याच हिशेबानं. आत पांढऱ्या संगमरवरातल्या 34 विजयदेवता हातात हात घालून वर्तुळात उभ्या आहेत. मधल्या फरशीवर राजाचं वाक्य कोरलंय, त्याचा आशय असा की हे युद्ध का करावं लागलं आणि आपण कशामुळे जिंकलो, हे जर्मनांनी कधी विसरू नये. त्या काळी जर्मनी नावाचा एक देशसुद्धा नव्हता, हे लक्षात ठेवून ते वाक्य वाचा. घुमटाखाली आवाज फार घुमतो, मुलांना आधीच समजावून ठेवा.

बहुतेक लोक इथून मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. सभागृहाच्या मागून जंगलात वाट जाते आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना मातीचे लांबच लांब उंचवटे दिसू लागतात. ती केल्टिक लोकांची तटबंदी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकात इथे जवळजवळ 600 हेक्टरांचं नगर होतं. प्राचीन भूगोलकार टॉलेमीनं उल्लेखलेलं आल्किमोएन्निस ते हेच, असं मानतात. लाकडी खांब, त्यांच्यामध्ये दगडी चिरे आणि मागे मातीची भर, अशी ती भिंत होती. लाकूड कुजलं, दगड ढासळले, भर उरली. वाटेच्या कडेला जमिनीत उथळ खळगे दिसतील, पानांनी भरलेले, काहींमधून बीचची झाडं उगवलेली. लोखंडाचं खनिज काढण्यासाठी खणलेले खड्डे आहेत ते. कुंपण नाही, तिकीट नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं जिथे पहार मारली, तिथे आपण उभे राहतो. मला तर सभागृहापेक्षा हे खळगे जास्त धरून ठेवतात.

पुढे झाडी विरळ होते तिथून खाली डॅन्यूबचं वळण आणि पलीकडच्या काठावर मठ दिसतो. चाल एकूण दीड-दोन तासांची, चढउतार आहे, बूट चांगले हवेत. खाली उतरलात की हंगामात आणि हवा बरी असेल तेव्हा नावाडी छोट्या होडीतून पलीकडे सोडतात. होडी नसली तर थोडं वरच्या अंगाला श्टाउसाकरला तराफा आहे. नदीवर ताणलेल्या तारेला तो बांधलेला असतो आणि प्रवाहाच्या जोरावरच इकडून तिकडे जातो, इंजिन नाही. मुलांना हा दाखवाच.

मठातल्या चर्चविषयी दोन शब्द. 1716 पासून आझाम बंधूंनी ते उभारलं आणि सजवलं, कोस्मास डामियान चित्रकार आणि एगिड क्विरिन शिल्पकार. बाहेरून साधंच वाटतं. आत आधी एक काळोखी ओसरी लागते, मग लंबवर्तुळाकार मोठा भाग, आणि समोर वेदीवर घोड्यावरचा संत जॉर्ज. त्याच्या मागच्या खिडक्या आपल्याला दिसत नाहीत, उजेड तेवढा दिसतो, त्यामुळे घोडेस्वार त्या उजेडातूनच बाहेर पडतोय असं वाटतं. एका बाजूला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला घाबरलेली राजकन्या. मग मान वर करून घुमटाची कड शोधा. तिथे कठड्यावरून एक माणूस वाकून खाली बघतोय, हसतमुखानं. तो थोरला आझाम, धाकट्यानं घडवलेला. इथे दहा मिनिटं शांत बसायला हवं, म्हणूनच तासाभराचा बेत मला पटत नाही.

मठात 1050 पासून बिअर बनते असं सांगतात. गडद बारोक बिअर प्रसिद्ध आहे, न पिणाऱ्यांना अपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस मिळतो. शाकाहारी मंडळींना चीजचं स्पेत्सले (जाडसर शेवयांसारखं), ब्रेत्सेल (पीळदार पाव) आणि ओबात्स्दा (चीजचं मसालेदार लोणकट). अंगणात शनिवारी तोबा गर्दी असते. म्हणून माझं मत, डबे न्या आणि मठासमोरच्या गोट्यांच्या काठावर बसून खा. कचरा परत आणा. मुलांना पाण्यात घोट्यापलीकडे सोडू नका, काठाशी नदी निवांत दिसते पण आत ओढ जबर आहे. पुराच्या पातळीच्या खुणा मठाच्या भिंतींवर आहेत, त्या पाहिल्यावर जास्त सांगावं लागणार नाही.

– काकू

*

प्रेषक: इंगोलश्टाटहून एक सभासद
प्रति: सर्व सभासद

काकू, नमस्कार.

तुमची मेल वाचून चालत जायचं ठरवलं. पण आमच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे आणि धाकटी अजून बाबागाडीत. त्यांना चाल झेपणार नाही. त्यांनी काय करावं? आणि बोटीचं आधी आरक्षण लागतं का?

*

प्रेषक: रेगेन्सबुर्गच्या काकू
प्रति: सर्व सभासद

आईंना अजिबात चालवू नकोस. हंगामात गावातून सभागृहापर्यंत छोटी पर्यटक गाडी जाते. ते बघून खाली यायचं आणि डॅन्यूबच्या धक्क्यावरून बोट धरायची. केल्हाइमला दोन धक्के आहेत, एक डॅन्यूबचा आणि एक आल्टम्यूलचा. वेल्टनबुर्गची बोट डॅन्यूबवरून सुटते. दुसरीकडे उभे राहिलात तर रीडेनबुर्गच्या दिशेनं जाल. सुट्या प्रवाशांना तिकीट तिथेच मिळतं. मोठ्या गटासाठी समितीनं आधी बोलून ठेवलेलं बरं. नदीचं पाणी फार चढलं किंवा फार उतरलं तर फेऱ्या बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

जाताना बोट उंच कड्यांमधल्या अरुंद घळीतून प्रवाहाविरुद्ध जाते, साधारण चाळीस मिनिटं. येताना वीसच. ज्येष्ठांना ही संथ चढती फेरी छान. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी अनेकांना इथे भेडाघाट आठवतो, फक्त इथले कडे चुनखडीचे आहेत, ज्युरासिक काळातल्या समुद्रात स्पंज आणि प्रवाळांनी रचलेले. डॅन्यूब पूर्वी इथून वाहतच नव्हती. ती आजच्या आल्टम्यूलच्या खोऱ्यातून जायची आणि हिमयुगात मार्ग बदलून या घळीत शिरली. म्हणूनच एवढीशी आल्टम्यूल एवढ्या रुंद खोऱ्यात वाहते. लुडविग राजानं 1840 सालीच या घळीला संरक्षण दिलं, बव्हेरियात निसर्गरक्षणाची सुरुवात इथून मोजतात. 2020 पासून ती राष्ट्रीय निसर्गस्मारक आहे.

सुळक्यांना नावाड्यांनी नावं दिली आहेत, पीटर आणि पॉल, नेपोलियनची पेटी, भांडणारे भाऊ. बोटीवर ती सांगतात, आईंना तू मराठीत सांगत जा. लांब कड्याजवळ आलात की पाण्यालगत दगडात बसवलेल्या लोखंडी कड्या शोध. घळीत काठानं वाटच नाही, त्यामुळे घोड्यांनी नाव ओढता यायची नाही. नावाडी आकड्यानं एकेक कडी पकडून नाव पुढे ओढायचे.

बाबागाडी बोटीत चालते, मठाच्या आवारात फरसबंदीवर थोडी खडखडेल. गाडीनं थेट मठाकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वाहनतळ मठापासून थोडा लांब आहे आणि तिथून चालावं लागतं.

वेळ उरलाच तर रेगेन्सबुर्गऐवजी आल्टम्यूलच्या बाजूला जा. एसिंगला कालव्यावर लाकडी पादचारी पूल आहे, टात्सेलवुर्म, 1986 चा, जवळजवळ 190 मीटर लांब, लाटेसारखा वरखाली जाणारा. तो कालवा म्हणजे माइन-डॅन्यूब कालवा, 1992 मध्ये पुरा झालेला, 171 किलोमीटरचा. फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं 793 साली असाच कालवा खोदायला घेतला होता, जमलं नाही. त्या शेवटच्या टप्प्याला निसर्गप्रेमींनी खूप विरोध केला होता. खोऱ्याचा नैसर्गिक नदीकाठ त्यात गेला, याची हळहळ मला अजून आहे. जवळच शूलरलोखची गुहा आहे, आत उन्हाळ्यातही नऊ अंश, स्वेटर लागेल. हिवाळ्यात वटवाघळांसाठी ती बंद ठेवतात. प्रुनचा किल्ला कड्याच्या अगदी टोकाला आहे. नीबेलुंगेनलीड या मध्ययुगीन जर्मन महाकाव्याची एक जुनी हस्तलिखित प्रत सोळाव्या शतकात तिथे सापडली, आता ती म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहे. पण हे सगळं एका दिवसात नको. एक काहीतरी निवडा.

– काकू

*

प्रेषक: सहल समिती
प्रति: सर्व सभासद

काकू, मनापासून आभार. रेगेन्सबुर्ग रद्द. बेत आता असा:

इंगोलश्टाटमार्गे साल स्टेशन, तिथून बसनं केल्हाइम. बायर्न-तिकीट (बव्हेरियातल्या लोकल गाड्यांचं दिवसभराचं गट-तिकीट) पाच-पाच जणांत काढू, शनिवार असल्यामुळे सकाळी नऊची अट नाही. सभागृह सगळे मिळून बघू. मग चालणारे जंगलातून, बाकीचे बोटीनं, आणि मठासमोरच्या काठावर एकत्र जेवण. डबे प्रत्येकानं आपापले आणावेत, दोन चटया आणि मोठी पिशवी समिती आणेल. परत येताना सगळे एकाच बोटीत. एसिंग, शूलरलोख आणि प्रुनसाठी सप्टेंबरात वेगळी सहल ठेवतोय.

काकू, जंगलातल्या गटाबरोबर तुम्ही याल का? ते खळगे आम्हाला एकट्यानं ओळखता येणार नाहीत.

चालणार की बोटीनं जाणार, ते प्रत्येकानं माणसांच्या संख्येसह रविवारपर्यंत कळवावं.

– सहल समिती

*

प्रेषक: रेगेन्सबुर्गच्या काकू
प्रति: सर्व सभासद

येते. गाडीनं थेट सभागृहाच्या वाहनतळावर येईन. मुलांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडून.