क्षयरोग कार्यक्रमाचे मूल्यमापन: यशाच्या टक्केवारीवर किती विसंबावे?

सुमेधा:
एका प्रादेशिक क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाचे मूल्यमापन माझ्याकडे आले आहे. अहवालानुसार उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण ९० टक्के आहे, म्हणजे जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ साली ठरवलेल्या ८५ टक्क्यांच्या उद्दिष्टाहून ते सरसच आहे. तरीही दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या जवळपास तेवढीच राहिली आहे. मग कार्यक्रम यशस्वी म्हणावा का?

प्रभाकर:
ही टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली आहे, हे आधी पाहा. क्षयरोगतज्ज्ञ कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात रूढ केलेल्या पद्धतीत एका तिमाहीत नोंदलेल्या सर्व रुग्णांचा एक गट धरतात आणि त्यातील प्रत्येकाचे पुढे काय झाले याचा हिशेब लावतात. पद्धत उत्तम आहे. मात्र हा हिशेब उपचाराच्या नोंदवहीपासून सुरू होतो, आणि निदान होऊनही जो रुग्ण औषध घ्यायला आलाच नाही, तो त्यात कुठेच दिसत नाही. समजा, प्रयोगशाळेत १०० जणांच्या थुंकीत जंतू सापडले, त्यांपैकी ८० जणांनी उपचार सुरू केले आणि ७२ जणांचे उपचार यशस्वी झाले, तर अहवालात ९० टक्के लिहिले जाईल, पण निदान झालेल्यांचा विचार करता खरे प्रमाण ७२ टक्केच भरते. म्हणून प्रयोगशाळेची आणि उपचारांची नोंदवही शेजारी ठेवून एकेक नाव जुळवून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण मूल्यमापनात याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही असे माझे ठाम मत आहे.

रेवती:
प्रभाकररावांशी सहमत. त्याखेरीज ‘बरा झाला’ आणि ‘उपचार पूर्ण’ हे दोन्ही यशातच मोजले जातात, पण पहिल्याला थुंकी तपासणीचा पुरावा लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. दुसऱ्या रकान्यातील संख्या फुगलेली दिसली, तर सहा महिन्यांच्या उपचारांच्या अखेरीस तपासण्या होतच नसाव्यात अशी शंका घ्यावी. दुसऱ्या केंद्रात बदलून गेलेल्या आणि निष्कर्ष न नोंदवलेल्या रुग्णांना गटातून वगळले आहे का, हेही विचारा. रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील प्रमुख औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांचा हिशेब मात्र वेगळाच मांडावा.

सुमेधा:
आभारी आहे. पण मग रुग्णसंख्या स्थिर राहणे हे अपयश समजायचे का?

प्रभाकर:
लगेच तसे म्हणता येणार नाही. संसर्ग शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहून नंतर आजार होऊ शकतो, त्यामुळे चांगल्या उपचारांचा परिणामही सावकाश दिसतो. शिवाय शोधमोहीम सुधारली की नोंदी उलट वाढतात. किती लोकांची तपासणी झाली आणि त्यांपैकी कितींना रोग निघाला, हे वर्षावार पाहा. तपासण्या तेवढ्याच राहून रुग्णही तेवढेच निघत असतील, तर रुग्णांच्या घरातील माणसांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी खरोखर होते का, याची चौकशी तिथूनच सुरू करावी.