सल्ला हवा : एज ऑफ मिथॉलॉजी रीटोल्डमध्ये ग्रीकांपैकी एकच देव घ्यायचा तर कोणता?

लिंबूटिंबू
मंडळी, सल्ला हवाय. मी आणि माझी धाकटी बहीण रीटोल्ड (देव निवडून गाव वसवायचा आणि फौजा लढवायचा कॉम्प्युटर गेम) खेळतो, दोघं एकाच टीममध्ये, समोर कधी कॉम्प्युटर तर कधी ओळखीतली जोडी. ती झ्यूसच घेते, दुसरं काही घ्यायला तयार नाही. मी आतापर्यंत रँडम लावून खेळत आलोय आणि त्यामुळे काहीच हातात बसत नाहीये, दर वेळी कुठलं टेक (सुधारणा) कुठे आहे ते शोधण्यात लढाई निघून जाते. आता ठरवलंय, ग्रीकच, आणि तिघांपैकी एकच देव धरून बसायचं.

अटी आधीच सांगतो. नवीन काही विकत घ्यायचं नाही, ना डीएलसी (गेमची विकतची पुरवणी), ना माउस, ना मशीन. रोज रात्री एकच डाव, तो पाऊण तासात संपला पाहिजे. आणि एका वेळी तीन ठिकाणी लढाई सांभाळायची नाहीये, तेवढं फास्ट क्लिक करणं मला आवडतही नाही. तर झ्यूस, पोसायडन की हेडीस, आणि का?

कडकडाट
झ्यूस. विचारायची गरजच नाही. हॉप्लाइट (भालेवालं पायदळ) जोरात पळतात, बिल्डिंग फोडतात, फेवर (देवाची कृपा) भराभर येतं, आणि बोल्ट ही वीज म्हणजे समोरच्याचा एखादा महागडा मिथ युनिट (पुराणातला प्राणी) बघायचा आणि एका क्लिकमध्ये संपवायचा. मी झ्यूस सोडून काही खेळत नाही आणि मला कधी गरज वाटली नाही. पुढे छोट्या देवांपैकी हेरा घेतलीस की लायटनिंग स्टॉर्म मिळतं, समोरची अख्खी फौज एका जागी गोळा झालेली असताना टाक, बघत बस.

गनिमीकावा
पोसायडन घे रे. घोडदळ स्वस्त पडतं, तबेला स्वस्त पडतो, छोट्या देवांपैकी हर्मीस घेऊन स्पिरिटेड चार्ज केलंस की घोडेस्वार हवेसारखे पळतात. समोरच्याच्या सोन्याच्या खाणीवर जायचं, विलेजर (कामकरी) मारायचे, त्याची फौज येईपर्यंत निघून जायचं, मग दुसऱ्या बाजूने लाकडावर. तो बिचारा टाउन सेंटरची (मुख्य इमारतीची) घंटा वाजवून वाजवून थकतो. पाऊण तास काय, वीस मिनिटांत माणूस सोडून जातो. शिवाय आपली बिल्डिंग कोणी पाडली तर तिच्यातून मिलिशिया (साधे सैनिक) बाहेर पडतात, म्हणजे पाडणाऱ्यालाही मार बसतोच.

तिसरा_डोळा
देव कुठलाही घे, आधी साइड बटणांचा माउस घे. मी घेतलाय, हिरो एका बटणावर, फौज दुसऱ्या बटणावर, टाउन सेंटर तिसऱ्यावर. आणि मोठा मॉनिटर पण घेतला सोबत, मिनिमॅप असा समोर दिसतो की रेड (अचानक धाड) यायच्या आधी कळते. साध्या माउसवर हा गेम खेळणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

लिंबूटिंबू
दादा, विकत काही घ्यायचं नाही हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

तिसरा_डोळा
अरे एकदाच तर खर्च होतो. वर्षानुवर्षं चालतो माउस. माझं ऐक.

जुनाजाणता
मी २००२ पासून खेळतोय, टायटन्स एक्सपान्शन (पुरवणी) २००३ ला आलं तेव्हाही खेळलोय, त्यामुळे माझं मत वेगळं पडेल. मूळ गेममध्ये गॉड पॉवर (बोल्टसारखी देवाची शक्ती) एकदाच वापरता यायची. एकदा म्हणजे एकदाच. बोल्ट कुठल्या क्षणी टाकायचा हा निर्णय अख्ख्या डावाचा निर्णय असायचा, हात थरथरायचे. २०२४ मध्ये रीटोल्ड आलं आणि आता फेवर देऊन पुन्हा पुन्हा पॉवर टाकता येते, प्रत्येक वेळी किंमत वाढते हे खरं, पण ती मजा राहिली नाही. झ्यूसचं फेवर बाकीच्यांच्या १०० च्या पुढे २०० पर्यंत साठायचं, त्याचं तेव्हा केवढं मोल होतं. तर उत्तर झ्यूस, पण जुन्या गेममधला.

कडकडाट
+१, झ्यूस. मात्र पुन्हा वापरता येणं हेच चांगलं आहे, पॉवर राखून ठेवून ठेवून डाव हरायचो आपण सगळे.

जुनाजाणता
राखून ठेवणं हाच तर डावपेच होता.

कीबोर्डवाली
वरच्या कोणीच अटी वाचलेल्या दिसत नाहीत. तिची बहीण आधीच झ्यूस खेळते… सॉरी, त्याची बहीण. दोघांनी झ्यूस घेतला तर दोघांचे हॉप्लाइट, दोघांचे तेच हिरो, आणि समोरच्याने भरपूर आर्चर काढले की दोघं एकदम अडकणार. टीममध्ये हे टाळायचं असतं. आणि पोसायडनची रेड तीन ठिकाणी क्लिक केल्याशिवाय होतच नाही, आणि नेमकं तेच त्याला नकोय.

लिंबूटिंबू, देव कुठलाही घेतलास तरी दोन गोष्टी कर. ग्रीकांचं फेवर विलेजर टेंपलपाशी प्रार्थना करतात त्यातूनच येतं, इजिप्तसारखी मॉन्युमेंटं नाहीत की नॉर्ससारखं लढून मिळत नाही. टेंपल उभं राहिल्याबरोबर तिथे तीन-चार जण बसव आणि त्यांना हलवू नकोस, लाकूड कमी पडलं की सगळे पहिले तिथलेच लोक उचलतात आणि मग मिथ युनिट काढायच्या वेळी रडतात. आणि उगाच दहा-पंधरा पण बसवू नकोस, माणसं वाढवली तरी फेवर त्या पटीत वाढत नाही. दुसरं म्हणजे विलेजर प्रायॉरिटी चालू कर. रिकामे विलेजर आपोआप कामाला लागतात, त्यामुळे तुझी नजर लढाईवर राहते, हे फीचर तुझ्यासारख्यांसाठीच आहे आणि लोक कमीपणा मानून वापरत नाहीत.

गनिमीकावा
ताई, तीन ठिकाणी क्लिक लागत नाही, सवय लागते. दोन आठवडे खेळला की हात आपोआप चालतात.

कीबोर्डवाली
त्याला सवय लावून घ्यायची नाहीये, रात्री एक डाव खेळून झोपायचंय.

पुराणिक
एक बाजूचा मुद्दा. पोसायडन भूकंपाचा देव, ग्रीक त्याला धरणी हलवणारा म्हणूनच ओळखायचे, आणि गेममध्ये अर्थक्वेक पॉवर कोणाकडे, तर आर्टेमिसकडे! शिकारीच्या देवीचा भूकंपाशी काय संबंध? मला हे पहिल्या दिवसापासून खटकतं. मर्मिडन युनिट झ्यूसला दिलेत, आणि मर्मिडन ज्याचे सैनिक तो अकिलीस हेडीसकडे हिरो म्हणून उभा. बेलरोफोनचं तर विचारूच नका. पेगससवर बसून ऑलिंपसवर चढायला निघाला म्हणून झ्यूसने गोमाशी पाठवून त्याला खाली पाडलं, आणि इथे तोच झ्यूसच्या फौजेत.

गनिमीकावा
पण पोसायडनला मिथिक एजमध्ये (डावाच्या शेवटाकडच्या टप्प्यात) आर्टेमिस घेता येते, म्हणजे भूकंप त्याच्याकडे येतोच की. घोडे तर बरोबर दिलेत ना त्याला?

पुराणिक
घोडे बरोबर आहेत. घोड्यांचाही तोच देव, पेगससचा बाप तोच. पॉलिफीमस पण बरोबर, मुलगाच त्याचा. पण आर्टेमिस हेडीसलाही मिळते, मग भूकंप पोसायडनचा खास कसा म्हणायचा.

बुरुज
मी हेडीस खेळतो, बरीच वर्षं, म्हणून सांगायचा अधिकार आहे असं समजतो. हेडीसचे आर्चर जास्त मारतात, बिल्डिंगही जास्त मारतात. सेंटिनल टाकलं की टाउन सेंटरभोवती दगडी पुतळे उभे राहून बाण सोडायला लागतात. मेलेल्या सैनिकांतले काही शेड (भुतं) होऊन टेंपलपाशी परत येतात, आणि व्हॉल्ट ऑफ एरेबस घेतलं की कोणी खणत नसतानाही सोनं थेंब थेंब येत राहतं. सगळं सोनं शत्रूच्या ताब्यात गेलं असताना मी त्या थेंबांवर तग धरलाय, तेव्हा समोरच्याला कळेना की माझे टॉक्सोटीस (ग्रीक आर्चर) कुठून येतायत.

पण तुला पाऊण तासात संपवायचंय ना, मग हेडीस घेऊ नकोस. मी खेळतो ते टिकून राहण्यासाठी, माझे डाव लांबतात. आर्चर माणसं मारतात, बिल्डिंग पाडत नाहीत. शत्रूची फौज संपली तरी त्याचं फोर्ट्रेस तसंच उभं, मग पेट्रोबोलोस (दगडफेकी यंत्रं) बनव, ती हळूहळू तिथवर ने, वाटेत कोणी घोडेस्वार आले की गेली. तुझ्या अटींत पोसायडन बरा.

कडकडाट
बघ, हेडीसवालाच नको म्हणतोय. झ्यूस घे.

तिसरा_डोळा
आर्चरना माइक्रो (लढाईत हाताने हलवत राहणं) लागतं, माइक्रोला चांगला माउस लागतो.

रानवारा
ग्रीक कशाला पण? नॉर्स घे. लढलं की फेवर मिळतं, प्रार्थनेला कोणी बसवायलाच नको. फौजच बिल्डिंग बांधते. मी ग्रीक सोडून नॉर्सकडे गेलो आणि परत वळून बघितलं नाही. नाहीतर डीएलसी घे सरळ, नवीन देव मिळतील.

लिंबूटिंबू
रानवारा, ग्रीकच ठरलंय आणि डीएलसी नकोय. बहीण पण वाचतेय हा धागा, ती म्हणते तुम्हाला थँक्यू सांग पण मी झ्यूस सोडणार नाही.

कीबोर्डवाली ताई, प्रायॉरिटीचं काल करून बघितलं. खरंच मोठा फरक पडला, हिरोइक एजला (मिथिकच्या आधीच्या टप्प्याला) जायचे ८०० फूड आणि ५०० गोल्ड कधी जमले मला कळलंही नाही. एक प्रश्न, मिथ युनिट आले की माझी फौज विरघळते. काल समोरच्याचे मिनोटॉर आले, ते माणसं शिंगांवर उचलून फेकतात आणि मधली सगळी रांग मोडते. त्याला काय करायचं?

कीबोर्डवाली
हिरो. मिथ युनिट माणसांना खातात, हिरो मिथ युनिटना मारतात, आणि हिरो साध्या सैनिकांपुढे टिकत नाहीत. हे चक्र, आणि त्याशिवाय पायदळ घोडदळाला, घोडदळ आर्चरना, आर्चर पायदळाला. एवढं डोक्यात असलं की पुरे. ग्रीक हिरो एका वेळी एकेकच मिळतो, म्हणून त्यांना फौजेत मिसळून टाकू नकोस, वेगळ्या नंबरवर ठेव. मिनोटॉर दिसला की फक्त तो नंबर दाबायचा आणि मिनोटॉरवर क्लिक. बाकी फौजेला हात लावायचा नाही, ती समोरच्या माणसांशी लढू दे. रेलिकही (नकाशावरच्या पुराणवस्तू) हिरोच उचलतात, लढाई नसेल तेव्हा एकाला त्या कामाला पाठव.

बुरुज
ताईंशी सहमत. त्यात हेडीसकडे कायरन आहे, धनुष्यवाला सेंटॉर, लांबून मारतो आणि पायही जोरात आहेत, त्यामुळे रेलिकसाठी तो फारच उपयोगी. मिनोटॉरला जवळ येऊ न देता मारता येतं.

गनिमीकावा
पोसायडनकडे अटालांटा आहे, पळण्यात तिच्यासारखं कोणी नाही. रेलिक तिने उचलायचे, विषय संपला.

जुनाजाणता
आमच्या वेळी रेलिकसाठी भांडणं व्हायची. हिरोच लागतो हे नव्या लोकांना सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

पुराणिक
कायरन अकिलीसचा गुरू होता, हे दोघं एकाच देवाकडे ठेवलेत ते मात्र मला फार आवडलं. पर्सियसही तिथेच आहे, मेडुसाचं डोकं हातात घेऊन. मेडुसा स्वतः मात्र हेराकडे युनिट म्हणून!

कडकडाट
काय ठरलं मग? झ्यूसच ना?

लिंबूटिंबू
ठरलं. हेडीस घेतोय.

सगळ्यांनी नको म्हटलंय हे माहितीये, बुरुज दादांनी पण, म्हणून कारण लिहितो. बहीण झ्यूस घेते म्हणजे हॉप्लाइट आणि बिल्डिंग पाडणं तिच्याकडे आहेच. आमच्या टीमला कमी पडत होते ते मागे उभे राहून मारणारे. गेल्या काही रात्री तसंच खेळून बघितलं, ती पुढे, माझे टॉक्सोटीस तिच्या मागे, बाजूने घोडे येतील म्हणून थोडे हॉप्लाइट मी स्वतःचे ठेवतो. आर्चरना मागे-पुढे नाचवत बसत नाही, अटॅक मूव्ह (वाटेत दिसेल त्याच्याशी लढत पुढे जाण्याचा हुकूम) देतो आणि हिरोंकडे बघतो. घरी रेड आली की सेंटिनल टाकतो आणि लढाई सोडून पळत नाही, विलेजर आत जातात, पुतळे आणि टाउन सेंटर मिळून घोडेस्वारांना हुसकावतात. डाव लांबतो हे एकट्याने खेळताना खरं असेल, आमचे पाऊण तासाच्या आत संपतायत, कारण मी फौज मारली की ती लगेच टाउन सेंटरवर तुटून पडते.

गनिमीकावा, पोसायडन वाईट नाहीये, रेडचं गणित पटतंच, फक्त ते माझ्या रात्रीच्या डावात बसत नाही.

गनिमीकावा
घे बाबा. कुठल्या जोडीने तुझं सोनं अडवलं की पोसायडन आठवेल.

तिसरा_डोळा
अटॅक मूव्ह साइड बटणावर लावता येतं.

बुरुज
सोनं अडवलं तर व्हॉल्ट आहे, म्हणून ते टेंपलमध्ये लवकर घे, पुढे ढकलू नकोस.

आणि आता घेतलाच आहेस तर छोटे देव दोघांनी मिळून ठरवा. क्लासिकल एजला (हिरोइकच्या आधी) तुझ्यापुढे एरीस आणि अथीना, तिच्यापुढे अथीना आणि हर्मीस. तू एरीस घे, एनियोज बो ऑफ हॉररने टॉक्सोटीसचा मार वाढतो, आणि अथीना तिला घेऊ दे. हिरोइकला तू अपोलो, सन रे आर्चरसाठीच आहे, शिवाय अंडरवर्ल्ड पॅसेज मिळतो. त्याचं एक तोंड तुझ्या फौजेपाशी उघड आणि दुसरं शत्रूच्या बेसला लागून, आर्चरना लांबची चाल करावी लागत नाही. तिला मग डायोनिसस. मिथिकला आर्टेमिस घेतलीस तर भूकंप टाकून त्याच्या बिल्डिंग मोडतील, म्हणजे पेट्रोबोलोस ओढत न्यायचं तुझं काम बरंच कमी होईल.