विकलेला ट्रेलर पोचवायला गेलात कधी? अनुभव येऊ द्या

२०२४ च्या जूनअखेरीस सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन होतं. आम्ही न्यू जर्सीहून विमानाने जायचं ठरवलेलं. मे महिन्यात आमचा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकायला काढला आणि गिऱ्हाईक निघालं थेट नेवाडातल्या रीनोचं. त्याला हीच आतली मांडणी हवी होती, मागे मुलांचे दोन बंक असलेली, आणि त्याच्या बाजूला तशी मिळत नव्हती. पोचवून दिलात तर १,५०० डॉलर वर देतो म्हणाला. ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला पाच हजारांच्या वर आकडा सांगितला होता. रीनोपासून सॅन होजे जेमतेम २५० मैल. बायको म्हणाली, "मी मुलांना घेऊन विमानाने येते, तू आणि बाबा जा." बाबांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

बाबा कराड डेपोत ३१ वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेत. इथे ते गाडी चालवत नाहीत, त्यामुळे २,७०० मैल माझ्या उजव्या हाताला बसून माझ्या चालवण्याचा पंचनामा करणार हे मी धरूनच चाललो होतो. रस्ता सोपा. आय-८० महामार्ग आमच्या न्यू जर्सीतून निघतो तो सरळ रीनोतून पुढे जातो, कुठे वळायला नको. पण मागे साडेसहा हजार पौंड असले की वीसचं मायलेज साडेनवावर येतं, आणि ट्रेलरच्या टायरांकडे बघून मी ६२ च्या पुढे काटा जाऊ देत नव्हतो.

बाबांनी पहिल्या दिवसापासून एक नेम धरला. गाडी थांबली की खाली उतरायचं आणि ट्रेलरच्या चारही चाकांच्या हबना, म्हणजे मधल्या भागाला, तळहात लावायचा. पंपावर, रेस्ट एरियात, आयोवात वॉलकॉटला तो जगातला सगळ्यात मोठा ट्रक स्टॉप आहे तिथेसुद्धा. लोक बघायचे. मला थोडी लाज वाटत होती, खरं सांगतो. तिसऱ्या दिवशी नेब्रास्कात कर्नीच्या अलीकडे थांबलो. तीन चाकं झाली, चौथ्याला हात लावला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला. "तीन कोमट आहेत. ह्याला चटका बसतोय. बेअरिंग कोरडं पडलंय."

मी म्हटलं, ऊन त्या बाजूला आहे. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. फिरता मेकॅनिक बोलावला. त्याने चाक काढलं, हबची टोपी ठोकून उघडली. आतलं ग्रीस जळून काळं, जुन्या लोणच्याच्या खारासारखं झालेलं. आणखी शंभरेक मैलांत चाकच निसटलं असतं असं तो म्हणाला. दोन तास आणि तीनशे डॉलर गेले. बेअरिंगमध्ये ग्रीस विक्रीआधी भरून घेतलंय असं मी गिऱ्हाइकाला लिहून दिलं होतं. ज्याला पैसे देऊन ते करून घेतलं, त्याने बहुधा दोनच चाकं केली असावीत.

त्या रात्री एक प्रश्न पडला, आणि हा धागा त्याच्यासाठीच. टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही व्हायची होती, पण निम्मे पैसे माझ्या खात्यात आलेले. मग ट्रेलर नक्की कुणाचा? आणि त्यात झोपायचं की मोटेल घ्यायचं? बाबांचं मत, विकलेल्या घरात पाहुण्यासारखंही राहू नये. मोटेल घेतलं. तुम्ही काय केलंत? पुढचं नंतर लिहितो, आधी तुमचे अनुभव वाचायचेत.

*

बाबांना नमस्कार सांगा! आम्ही मात्र झोपलो, चार रात्री. घेणाऱ्या काकांना आधी विचारलं होतं, ते म्हणाले खुशाल झोपा. आपल्या चादरी, आपल्या उशा, गादीला प्लास्टिक. स्वयंपाक मात्र आत करायचा नाही असा नियम केला होता, आणि तो पहिल्याच संध्याकाळी मोडला, कारण बाहेर पाऊस.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीचे, गिऱ्हाईक ॲरिझोनात टूसनला, निवृत्त जोडपं. दोन हजार मैलांच्या वर. प्रवासाचं सांगण्यासारखं फार नाही, आय-४० लांब आहे आणि टेक्सासचा वरचा पट्टा सपाट आहे. सांगायचंय ते पोचल्यानंतरचं. काकू आत गेल्या, दोन पावलं टाकली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "गॅस गळतोय." झालं! ह्यांनी सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद केले, सगळ्या खिडक्या उघडल्या, साबणाचं पाणी करून एकेक जोड तपासला. एक बुडबुडा नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म खाली जमिनीजवळ बसवलेला असतो. तोही गप्प. पण काकूंना वास येतोच आहे. आणि आता मलाही यायला लागला.

अर्धा तास असा गेला. ते काका सभ्य होते म्हणून काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावरून सौदा घसरताना दिसत होता. शेवटी माझ्या मुलीने शेगडीखालचा खण पूर्ण बाहेर ओढला. मागच्या फटीत हिंगाची डबी. झाकण निघालेलं, उन्हाने आत सगळं तापलेलं.

गंमत म्हणजे काकूंचं नाक चुकलं नव्हतंच. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक संयुग मिसळतात. हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्याच संयुगांमुळे. मी त्यांना डाळीच्या फोडणीपासून समजावलं. डबी त्यांनी ठेवून घेतली, बाहेर गॅरेजमध्ये. ओट्यावर हळदीचा एक डाग होता तो मी स्वतःहून दाखवला. म्हटलं, आता लपवण्यासारखं राहिलंय काय?

*

कुणी कनेक्टिकट-न्यूयॉर्कच्या बाजूने निघणार असेल तर फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. त्याला मागे ट्रेलर आहे हे ठाऊक नसतं. मी ऑस्टिनला पोचवायचा म्हणून पहाटे चारला निघालो आणि त्याने मला मेरिट पार्कवेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. तिथे ट्रेलरला बंदी, पूल बुटके, कमानींचे. पाटी दिसली तेव्हा मी रॅम्पवर निम्मा आत. ३० फुटी ट्रेलर अंधारात रॅम्पवरून उलटा काढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. एका पोलिसाने मागची वाहतूक अडवली, टॉर्च धरला आणि वीस मिनिटं एक शब्द न बोलता उभा राहिला. दंडसुद्धा केला नाही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुसरी गोष्ट बाल्टिमोर. तिथल्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांपेक्षा मोठे प्रोपेनचे सिलिंडर नेता येत नाहीत. ट्रेलरवर साधारण वीस-वीस पौंडांचे दोन असतात. पूर्वी लोक शहराभोवतीच्या ६९५ रस्त्यावरच्या की ब्रिजवरून जायचे. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला. आता ६९५ नेच शहराला पश्चिमेकडून वळसा घालायचा, गर्दीच्या वेळा टाळून.

झोपण्याबद्दल: झोपलो. विचारलं नाही. कुणाला कळलंही नाही, आत्ता इथे लिहीपर्यंत.

*

शिरोळ तालुक्यातनं लिहितोय. तुमच्यासारखा बंगला नाही मागं, पण उसाची ट्रॉली इकून पोचवलीय, चालत असंल तर वाचा.

गिऱ्हाईक जमखंडीचं, शंभरावर किलोमीटर. ट्रॉलीचा नंबर ट्रॅक्टरपेक्षा वेगळा असतोय, हे बऱ्याच जणांना ठावं नसतंय. दुसऱ्या राज्यात द्यायची म्हणजे आधी आर.टी.ओ.ची एन.ओ.सी., फॉर्म २८. कर्ज असंल तर बँकेचा फॉर्म ३५. त्यात माझं दीड महिनं गेलं. गिऱ्हाईक रोज सकाळी फोन करून "ट्रॉली हाय न्हवं?" इचारायचं. तोडीचा हंगाम तोंडावर आलेला, त्याचा जीव टांगणीला.

रिकामी ट्रॉली भरलेल्यापेक्षा वंगाळ. भरलेली शहाण्यागत मागं येती, रिकामी खड्ड्याखड्ड्याला उडती आणि पिनचा असा आवाज करती की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत न्हाई. मागं रिफ्लेक्टर नवं लावलं होतं. रातच्याला अथणीच्या पुढं एका पंपावर थांबलो, मी आणि भाऊ ट्रॉलीतच पाचट टाकून आडवं झालो. गिऱ्हाइकाला सकाळी सांगितलं तर म्हणतंय, "मग काय झालं, मीबी आज रातच्याला तिच्यातच झोपणार हाय." त्यानं नारळ फोडला, चाकाला लिंबू ठेवलं. आम्हाला जवारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. येताना मागं काय नाही तर ट्रॅक्टर असा पळायला लागला, भाऊ म्हणाला, "दादा, दावं तुटलेल्या खोंडागत चाललाय."

*

मी सरळ सांगतो, पोचवू नका. घेणाऱ्याला येऊ द्या. हौस असेल तर पैसे पूर्ण आल्याशिवाय गाडी जोडूसुद्धा नका.

आम्ही अटलांटाहून शिकागोच्या उपनगरात नेला. माणूस हसतमुख, घरी कुत्रं, हातात कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढून दिलेला. मी म्हटलं, आपण तुमच्या बँकेच्या शाखेत जाऊ आणि तिथे माझ्यासमोर करून घेऊ. चेहरा बदलला. आज शनिवार, बँक बंद झाली, वगैरे. मी बघितलं, शाखा एक वाजेपर्यंत उघडी होती. मग म्हणाला चेक तर केलेलाच आहे, परत कशाला. मी ट्रेलर परत जोडला आणि ७०० मैल माघारी आलो. कदाचित तो प्रामाणिकही असेल. पण खोटा कॅशियर्स चेक खात्यात जमा झालेला दिसतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत फिरतो, तोवर तुमची वस्तू कुठल्या कुठे गेलेली असते.

आणखी एक. कर्जाने घेतला असेल तर टायटल सावकाराकडे असतं, बऱ्याच ठिकाणी कागदावर नसतंच. ते हातात येईपर्यंत कुणालाही तारीख देऊ नका. आणि ओहायोचं टायटल असेल तर तुमची सही नोटरीसमोरच हवी. घरून सही करून गेलात तर पुन्हा सगळं.

*

उलट्या बाजूने लिहिते, आम्ही घेणारे होतो. आम्ही मिनेसोटात, विकणाऱ्या आजी एकट्या ओरेगॉनहून ट्रेलर ओढत आल्या. वय ६८. मी टायर बघायला लागले तर म्हणाल्या, "बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच." २३१८. म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. "सहा वर्षं होत आली. नक्षी छान दिसते, पण त्यावर जाऊ नकोस. बदल. मी किमतीत धरलंय." एवढं कोण सांगतं!

मग दोन तास एकेक झडप, एकेक फ्यूज दाखवला. त्या रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. मी घरात खोली तयार केली होती, तर म्हणाल्या, आज शेवटचं आत झोपते, चालेल ना? आम्ही काय नाही म्हणणार? रात्री अकरापर्यंत दिवा चालू होता.

*

धागाकर्ता परत आलोय. हिंगाची गोष्ट बाबांना वाचून दाखवली, तीनदा वाचायला लावली. शिरोळकरांना त्यांचा खास रामराम, पिनच्या आवाजाबद्दल ते पूर्ण सहमत आहेत.

पुढचं. वायोमिंगमध्ये शायानच्या पुढे शर्मन समिट लागतं, ८,६४० फूट, आय-८० चा सगळ्यात उंच बिंदू. कळसूबाईपेक्षा हजारेक मीटरने उंच, पण रस्ता असा सपाट वाटतो की बाबांचा विश्वास बसेना. लॅरमीच्या पुढे एल्क माउंटनच्या बाजूला वाऱ्याचे झोत ५० मैलांच्या वर, असं पाटीवर आलं. एकदा ट्रेलर डोलला होता आयोवात, ट्रकने ओलांडलं तेव्हा. पिकअपचा ब्रेक न दाबता कंट्रोलरची कळ दाबून नुसता ट्रेलरचा ब्रेक लावायचा असतो, म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. हे मला पाठ होतं, तरी पाय ब्रेककडे गेलाच. त्यामुळे लॅरमीला मुक्काम केला आणि पहाटे पाचला, वारा पडलेला असताना, निघालो.

खरी परीक्षा युटात. पार्लीज कॅन्यनचा उतार ७,००० फुटांवरून सॉल्ट लेक सिटीत ४,३०० पर्यंत आणून सोडतो. बाबा सरसावून बसले. "ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, दाब आणि सोड." गाडी ऑटोमॅटिक आहे हे मी सांगितलं नाही. टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढताना वापरायचं, बटण दाबलं, गिअर हाताने खाली घेतला, इंजिनाने घोगरा सूर धरला. "आत्ता कशी," म्हणाले. नंतर अर्धा तास कुंभार्ली घाटातल्या एका रात्रीबद्दल बोलले, जी मी जन्मात कधी ऐकली नव्हती. बॉनव्हिलच्या रेस्ट एरियात उतरून पांढऱ्या जमिनीवरचा खडा जिभेला लावला. "मीठच आहे रे."

रीनोत गिऱ्हाईक फाटकात उभं होतं. मी कर्नीची पावती आणि जळकं बेअरिंग फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं, काय झालं ते सांगितलं. तो किंमत पाडून मागेल असं वाटलं होतं. त्याने फडकं सोडलं, बेअरिंग बोटाने फिरवलं आणि विचारलं, "कळलं कसं?" मी बाबांकडे बोट दाखवलं. मग त्या दोघांनी, एकाला मराठी येत नाही आणि दुसऱ्याला इंग्रजी बेताचं, चारही हबना हात लावून बघितले. टायटलवर सही झाली. न्यू जर्सीची नंबरप्लेट काढायची असते, ती बाबांनी काढली आणि स्क्रू परत जागेवर बसवले.

तिथून सॅन होजे. मागे काही नाही तरी डॉनर पासच्या उतारावर बाबांचं लक्ष उजवीकडच्या आरशात. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाले काही नाही. मी हसलो, आणि पुढच्या पंपावर २६ फुटांसाठी लागतं तेवढं रुंद वळण घेऊन दोन रांगा अडवून उभा राहिलो.