नाशिक पूर्व : गड नेमका कुणाचा?

कुणीतरी लिहिलंय की नाशिक पूर्व हा विधानसभा मतदारसंघ पहिल्यापासून भाजपचा गड. अजिबात पटलं नाही. 'पहिल्यापासून' म्हणजे कधीपासून? हा मतदारसंघच 2008 च्या पुनर्रचनेत तयार झाला आणि 2009 ला पहिली निवडणूक झाली, तेव्हा पूर्व, मध्य, पश्चिम तिन्हीकडे मनसेचं इंजिन धावलं होतं, विसरलात का? पूर्वेतून उत्तमराव ढिकले, मध्यमधून वसंत गिते, पश्चिममधून नितीन भोसले. त्या वेळी पूर्वमधल्या पंचवटीत बूथबाहेर टेबलं मांडून बसलेली पोरं याद्या चाळत होती आणि म्हातारी माणसं विचारत होती, "अरे बाबा, आपण आता कोणत्या नाशकात?"

2014 च्या लाटेत तिन्ही जागा भाजपकडे गेल्या हे खरंय, आणि तेव्हापासून 2024 पर्यंत तिथेच आहेत, त्यामुळे आज गड म्हणा हवं तर. पण पूर्वची गंमत बघा, 2014 ला भाजपकडून निवडून आलेल्या बाळासाहेब सानपांचं तिकीट 2019 ला कापलं, ते राष्ट्रवादीकडून उभे राहिले, आणि भाजपने तिकीट दिलं ते राहुल ढिकलेंना, म्हणजे मनसेच्या त्याच उत्तमरावांच्या मुलाला, जे स्वतःही आधी मनसेतच होते. आणि उत्तमराव तरी मूळचे कुठले, 1999 ला शिवसेनेचे खासदार! आता यात पक्षाची मतं किती आणि घराण्याची किती, हे वेगळं काढून दाखवा कुणीतरी. माझ्या मते पंचवटीत तरी आडनाव चिन्हाच्या आधी वाचलं जातं.