जुने नट, जुन्या गाड्या आणि त्यांच्या जाहिराती : आपले अनुभव लिहावेत

शिवाजी पेठ

२४ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र गेले आणि त्यानंतर राजदूत मोटारसायकलची त्यांची जुनी जाहिरात आमच्या नातेवाइकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एकमेकांना पाठवली. ती पाहताना मला आमच्या आबांची राजदूत आठवली. करवीर तालुक्यातल्या गावातून कोल्हापूर शहरात दूध घालणारी ती गाडी होती. दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले असत आणि टाकीच्या बाजूच्या रबरी पट्टीवर दुधाचे ओघळ वाळून पांढरे झालेले असत. पंपावर पेट्रोल भरल्यानंतर त्यात ऑईल मोजून घालण्याचे काम आबा कधीही दुसऱ्याकडे देत नसत. टोपण लावून, गाडी दोन्ही हातांनी हलवून, मगच ते किक मारत. गाडी जिथून घेतली त्या दुकानात धर्मेंद्र यांचे पोस्टर होते आणि हप्ता भरायला गेले की आबा त्याच्यासमोर उभे राहून चहा घेत. साहनेवालसारख्या पंजाबातल्या गावात वाढलेला हा धिप्पाड गडी अशी दणकट गाडी चालवत असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आताच्या जाहिरातींत जुन्या नटांना, क्वचित हयात नसलेल्यांनाही, नव्या गाड्यांसाठी पुन्हा उभे केले जाते. त्या पाहताना आबांचा तो विश्वास आठवतो आणि मन अस्वस्थ होते. नट आणि गाडी यांचे नाते खरे असावे, असे मला मनापासून वाटते. आपल्याला काय वाटते, आपण काय पाहिले, ते अवश्य लिहावे.

राजारामपुरी

आमच्या मामांकडे राजदूतचीच छोटी गाडी होती, जीटीएस १७५. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ऋषी कपूर आणि डिंपल तीवर बसले आणि गाडीचे नावच ‘बॉबी’ पडले. आर.सी. बुकात काय लिहिले आहे हे मामांना कोणी कधी विचारले नाही. गल्लीत सगळे ‘बॉबी कुठाय?’ असेच विचारत. उंच माणूस बसला की गुडघे हँडलला लागत, तरी कॉलेजच्या मुलांना तीच हवी असे. चित्रपटाने जे काम केले, ते कोणत्याही पोस्टरला जमले नसते.

गंगावेश, सध्या इंग्लंड

शिवाजी पेठेतल्या दादांनी मृत नटांचा विषय काढला म्हणून लिहिते. फोर्ड कंपनीने १९९७ मध्ये पूमा या छोट्या गाडीसाठी हॉलिवूडचे नट स्टीव्ह मॅक्वीन यांना सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर पुन्हा गाडी चालवायला लावली. ते १९८० मध्येच वारले होते. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातील त्यांची दृश्ये संगणकाच्या साहाय्याने नव्या चित्रीकरणात बसवली होती. शेवटी ते पूमा गॅरेजमध्ये लावतात आणि शेजारी ‘बुलिट’मधली त्यांची जुनी फोर्ड मस्टँग उभी असते. मी ती जाहिरात पुष्कळ उशिरा, इकडे आल्यावर पाहिली आणि कारागिरी पाहून थक्क झाले. मात्र पूमा ही गाडी त्यांच्या हयातीत जन्मालाच आली नव्हती, हे लक्षात आल्यावर माझे मन त्या जाहिरातीवरून उतरले.

पुढे २००५ च्या मस्टँगसाठी त्याच कंपनीने त्यांना पुन्हा आणले. तिथे एक शेतकरी मक्याच्या शेतात शर्यतीचा रस्ता तयार करतो आणि पिकातून मॅक्वीन चालत बाहेर येतात. ती जाहिरात मला पटते, कारण मस्टँग त्यांनी पडद्यावर खरोखर चालवली होती. आबांना जे हवे होते ते नाते निदान तिथे आहे. आबांची आठवण फार छान लिहिली आहे, दादा.

ताराबाई पार्क

मी वकिली करतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. हयात कलाकाराला आपला चेहरा, आवाज आणि लकब यांच्या परवानगीविना होणाऱ्या वापराविरुद्ध न्यायालयात जाता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांना आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांना असे संरक्षण दिले. पण त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या अर्जावर निर्णय देताना, असे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत, अशी भूमिका घेतली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांचा अधिकार टिकतो. आपल्याकडे याविषयी स्पष्ट कायदा व्हावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या माणसाला नाही म्हणण्याची सोय उरलेली नाही, त्याच्या वतीने नाही म्हणणारे कोणीतरी असलेच पाहिजे.

नागाळा पार्क

वकीलसाहेब, वारसांनी हो म्हटले तरी प्रश्न सुटत नाही, असे मला वाटते. ब्राझीलमध्ये फोक्सवॅगनला ७० वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये एक जाहिरात निघाली. त्यात १९८२ मध्ये वारलेल्या गायिका एलिस रेजिना जुनी कोंबी व्हॅन चालवत गातात आणि शेजारून नव्या विजेच्या व्हॅनमधून त्यांची मुलगी मारिया रीता त्यांच्याबरोबर गाते. आई गेली तेव्हा ही मुलगी जेमतेम चार वर्षांची होती. माझी आई मी शाळेत असताना गेली. मी ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा स्वयंपाकघरात होते. गॅस बंद करून खाली बसले आणि पुन्हा पाहिली.

नंतर समजले की एलिस यांनी तिथल्या लष्करी राजवटीवर टीका केली होती आणि त्या राजवटीशी सहकार्य केल्याच्या प्रकरणात याच कंपनीने २०२० मध्ये नुकसानभरपाई मान्य केली होती. मुलीची संमती होती, तिचे अश्रूही खरे असतील. आईने मात्र या गाडीत बसायचे कबूल केले असते का, हे विचारायला कोणीच उरले नव्हते. तरीही ती दोघींची नजरानजर मी विसरू शकत नाही, आणि या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी आहेत.

रंकाळा

ताई, आईबद्दल वाचून वाईट वाटले. काळजी घ्या.

गोकुळ शिरगाव

माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. घरात टीव्हीवर गाडीची जाहिरात लागली की आम्ही भावंडे नट पाहायचो आणि वडील पुढे सरकून गाडीच्या चाकाकडे पाहायचे. ब्रेक ड्रम, हब, हाउसिंग असली ओतकामे त्यांच्या हातून गेलेली असत, त्यामुळे ‘हा माल आपल्याकडचा असणार’ असे ते अभिमानाने म्हणत. वाळूत साचा दाबताना कोपरा ढिला राहिला तर कास्टिंग कसे वाया जाते, हे ते जाहिरात संपेपर्यंत समजावून सांगत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या भट्ट्यांतून वाहन उद्योगाला किती माल जातो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटासाठी कॅमेरासुद्धा इथेच घडवला. यंत्र आणि पडदा या दोन्ही गोष्टी या गावाने हाताने केल्या आहेत. म्हणून गाडीच्या जाहिरातीत एखादा तरी कामगार दिसावा, अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे.

मंगळवार पेठ

ती इच्छा काही प्रमाणात ‘हमारा बजाज’ने पूर्ण केली होती, असे मला वाटते. १९८९ च्या त्या जाहिरातीत बडा नट कोणीच नव्हता. साधी कुटुंबे, साधे लोक आणि स्कूटर. आमच्या घरी चेतक नंबर लावून, पुष्कळ वाट पाहून आली होती. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला नेली तेव्हा वडील चालवत होते, मी पुढे उभा, आई स्टेपनीला हात लावून मागे आणि तिच्या मांडीवर बहीण. जाहिरात लागली की आम्हाला आम्हीच दिसायचो. २०२० मध्ये विजेवरची चेतक आली तेव्हा वडिलांनी दुकानात जाऊन तिचा पत्रा बोटाने वाजवून पाहिला आणि ‘पत्राच आहे’ म्हणून समाधानाने परत आले. घेतली नाही, पण त्या नावावरचा त्यांचा जीव अजून तसाच आहे.

कसबा बावडा

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी मोटार दसरा चौकात येते तेव्हा माझी नात खांद्यावर बसून टाळ्या वाजवते. जुन्या गाडीचा मान राखायला तिला कोणत्याही नटाची आठवण लागत नाही, एवढेच सांगायचे होते.

मूळ धागा काढणाऱ्यांना एक विचारतो : आबांची राजदूत अजून आहे का? माझ्याकडे एक आहे, पण कार्बोरेटर फार गळतो.

शिवाजी पेठ

आहे, काका. गावाकडे गोठ्याशेजारी झाकून ठेवली आहे आणि किकवर सुरू होते. कार्बोरेटर लगेच बदलू नका. आधी त्यातला पोकळ, तरंगणारा फ्लोट काढून त्यात पेट्रोल शिरले आहे का ते कानाजवळ हलवून पाहा आणि पेट्रोल अडवणाऱ्या नीडलचे टोक झिजले आहे का तेही बघा. आमच्या गाडीचे गळणे नीडल बदलल्यावर थांबले. उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडे आम्ही काम करून घेतो, तिथे तुम्हाला रविवारी सकाळी घेऊन जाईन.